इयन होम आणि दुय्यम भूमिका: स्वतःला पुसायचं की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही बरीच वर्षं हौशी रंगभूमीवर काम करताय. उंची बेताची, चेहरा चारचौघांसारखा, म्हणून वाट्याला कारकून, मुनीम, वकील, नवरीचा मामा अशाच भूमिका येतात. 'एलियन'मधला अ‍ॅश, 'चॅरियट्स ऑफ फायर'मधला धावण्याचा प्रशिक्षक आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला म्हातारा बिल्बो ही तिन्ही कामं एकाच माणसाची आहेत हे तुम्हाला नुकतंच कळलं, आणि आता तुम्हाला इयन होमसारखं भूमिकेत स्वतःला पुसून टाकायला शिकायचंय. शिवाय तुम्ही विचारलंय, एवढा मोठा नट मधेच रंगमंच सोडून गेला होता हे खरं का? कारण गेल्या प्रयोगात तुम्हीही एका प्रवेशात ब्लँक झालात आणि तेव्हापासून विंगेत उभं राहिलं की छातीत धडधडतं.

मी नट म्हणून सुरुवात केली, पुढे दिग्दर्शनात आणि नवीन मुलांच्या तालमी घेण्यात रमलो. होमची कामं मी वर्षानुवर्षं पाहत आलोय, मुलांनाही दाखवतो. त्यामुळे पहिल्यांदा स्पष्ट सांगतो: होमने स्वतःला कधीही पुसलं नाही. ते तिन्ही सिनेमे पुन्हा लावा. तोच चेहरा, तेच बारीक डोळे, तीच ठेंगणी बांधेसूद शरीरयष्टी. बिल्बोसाठी वय वाढवलंय, पण अ‍ॅशसाठी जवळपास काहीच केलेलं नाही. तरीही तुम्ही त्याला ओळखलं नाहीत, कारण तुमचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलंच नाही. समोरच्या माणसाला या क्षणी नेमकं काय हवंय याकडे ते होमने खेचून घेतलं. खरा प्रश्न तिथे आहे. भूमिका दुय्यम असली तरी तो माणूस स्वतःच्या आयुष्यात दुय्यम नसतो, आणि होम हे एक क्षणही विसरत नाही.

'एलियन' 1979 चा, रिडली स्कॉटचा. अ‍ॅश हा यानावरचा विज्ञान अधिकारी. अर्ध्याहून जास्त सिनेमा होईपर्यंत तो यंत्रमानव आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि त्याने ते कळूही द्यायचं नाहीये. कच्चा नट इथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर यंत्रासारखा ताठ वागून गुपित फोडतो, नाहीतर इतका साधा वागतो की नंतर उलगडा झाल्यावर फसवल्यासारखं वाटतं. होमने काय केलं बघा. सिनेमाची नायिका रिप्ली त्याच्या प्रयोगशाळेत येऊन जाब विचारते की संसर्गाचा नियम मोडून तू बाहेर गेलेल्या सहकाऱ्यांना आत का घेतलंस. तो चिडत नाही, घाबरतही नाही. उत्तरं सभ्य देतो, फक्त त्याचं लक्ष पुन्हा पुन्हा आपल्या उपकरणाकडे वळतं. त्या प्रवेशात त्याला एकच गोष्ट हवी आहे: ही बाई इथून जावी. पहिल्यांदा पाहताना तो तुम्हाला कामात बुडालेला, थोडा तुसडा शास्त्रज्ञ वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना त्याच हालचालींचा अर्थ बदलतो, आणि नटाने मात्र काहीही बदललेलं नसतं. आणखी एक जागा आहे. निरीक्षणाच्या खुर्चीत बसण्याआधी तो एकटाच असताना जागच्या जागी हलकेच पावलं हलवतो, अंग मोकळं करतो. माणसं करतात तसंच, पण किंचित विनाकारण. ज्याला अंग आखडणं माहीतच नाही असा कोणीतरी अंग मोकळं करतोय. तिथे संवाद नाही, कोणी त्याच्याकडे बघत नाही, आणि तरीही ती जागा कामी लागली आहे.

आता 1981 चा 'चॅरियट्स ऑफ फायर'. सॅम मुसाबिनी हा खराखुरा प्रशिक्षक होता. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॅरॉल्ड अब्राहम्सने 100 मीटरचं सुवर्ण जिंकलं ते त्याच्या हाताखाली तयार होऊन. पण त्या काळी इंग्लंडमधल्या प्रतिष्ठित लोकांना खेळासाठी पैसे घेणारा प्रशिक्षक म्हणजे कमीपणा वाटायचा. म्हणून सिनेमात मुसाबिनी शर्यतीच्या वेळी स्टेडियममध्ये नाही, जवळच्या एका हॉटेलच्या खोलीत आहे. शर्यत त्याला दिसत नाही. खिडकीतून झेंडा वर चढताना दिसतो, राष्ट्रगीत ऐकू येतं, आणि तेव्हा त्याला कळतं की आपला मुलगा जिंकला. तो मूठ मारून स्वतःची गवती हॅट फोडतो. बस. हा प्रवेश मी मुलांना दाखवतो तेव्हा बहुतेक जण त्या मुठीबद्दल बोलतात. मी त्यांना मुठीच्या आधीचं बघायला सांगतो: कान देऊन ऐकणारा, हाताशी करण्यासारखं काहीच नसलेला माणूस. आधीचं थांबणं नसतं तर ती मूठ नाटकी वाटली असती. या कामासाठी त्याला ब्रिटिश अकादमीचं आणि कान महोत्सवाचंही सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. ऑस्करचं नामांकनही होतं, पण ते गेलं जॉन गिलगुडला, दुसऱ्या एका सिनेमासाठी. गंमत म्हणजे गिलगुड 'चॅरियट्स ऑफ फायर'मध्येही आहे, आणि व्यावसायिक प्रशिक्षक ठेवल्याबद्दल अब्राहम्सला केंब्रिजमध्ये ऐकवणाऱ्यांपैकी एक तोच आहे.

म्हणजे होम फक्त दाबून ठेवणारा, शांत नट होता असं मात्र समजू नका. 1996 च्या 'बिग नाइट'मधला त्याचा पास्कल बघा. रेस्टॉरंटचा मालक, आरडाओरडा करणारा, हातवारे करणारा, गळ्यात गळे घालणारा. आवाजाची पट्टी अगदी वरची. पण नीट पाहिलंत तर इथेही तेच: या माणसाला काहीतरी हवंय आणि तो ते गोंगाटाखाली लपवतोय. अ‍ॅश शांतपणाने लपवतो, पास्कल आवाजाने.

आता परिस्थितीवर काय अवलंबून असतं तेही सांगायला हवं, नाहीतर तुमची दिशाभूल होईल. होमचा जन्म 12 सप्टेंबर 1931 चा, लंडनच्या पूर्वेला गुडमेजचा. आईवडील मूळचे स्कॉटिश. वडील मनोविकारतज्ज्ञ, मनोरुग्णालयाचे प्रमुख. (पुढे 1994 मध्ये 'द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज'मध्ये त्याने वेड्या राजाला नजरेने गप्प करणारा डॉक्टर विलिस केला, तो प्रवेश पाहताना मला ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.) राडा या नाट्यसंस्थेत शिक्षण, मधे सक्तीची लष्करी नोकरी, आणि 1954 मध्ये शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला, 'ऑथेल्लो'मध्ये भालाधारी शिपाई म्हणून पहिलं पाऊल. भालाधारी म्हणजे आपल्याकडच्या संगीत नाटकातला चोपदार म्हणा. तिथून 1959 मध्ये तो 'किंग लियर'मधल्या विदूषकापर्यंत आला. लियर होता चार्ल्स लॉटन.

मग पीटर हॉलने तिथेच रॉयल शेक्सपिअर कंपनी उभी केली आणि नटांना दीर्घ मुदतीचे करार दिले. एकाच कंपनीत, तीच माणसं सोबत, एका नाटकात राजा आणि दुसऱ्यात चारच वाक्यं. होम तिथे 1967 पर्यंत वाढला. 1963-64 च्या शेक्सपिअरच्या इतिहासनाट्यांच्या मालिकेत खलनायकी तिसरा रिचर्ड आणि वीर पाचवा हेन्री ही दोन्ही टोकं त्याने केली. 1965 मध्ये नाटककार हॅरॉल्ड पिंटरच्या 'द होमकमिंग'मधला लेनी, आणि त्याच कामासाठी न्यूयॉर्कला 1967 चं टोनी पारितोषिक.

आपल्याकडे हौशी नटाला हे मिळत नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी महिनोन्महिने तालमी होतात, प्राथमिक फेरीत एक प्रयोग होतो, पुढे गेलं नाही तर नाटक तिथेच संपतं. होमला चुकत माकत शिकायला वर्षानुवर्षांचे प्रयोग मिळाले. त्याला पिंटरसारखा लेखक मिळाला, ज्याच्या नाटकांत दोन वाक्यांमधली शांतता संवादाइतकीच जपून लिहिलेली असते. आणि इंग्लंडात तेव्हा रेडिओ आणि टेलिव्हिजनवर नाटकं भरपूर व्हायची. 1981 मध्ये बीबीसी रेडिओने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं 26 भागांचं रूपांतर केलं त्यात कथेचा नायक फ्रोडो याचा आवाज होमचा आहे, म्हणजे वीस वर्षांनी सिनेमात तो त्याच कथेतला दुसरा हॉबिट, म्हणजे त्याच ठेंगण्या जमातीतला बिल्बो झाला. हे सगळं गुणांवर मिळालं, पण तिथे ती व्यवस्था होती म्हणूनही मिळालं. त्यामुळे 'तो करू शकला तर मी का नाही' असा हिशेब मांडू नका. त्याची वाट तुम्हाला जशीच्या तशी मिळणार नाही, त्याची पद्धत मिळू शकते.

उंचीबद्दल. होम साडेपाच फुटांच्या आसपास होता. त्याने ती लपवायला टाचा उंच केल्या नाहीत, उलट तिला कामाला लावलं. नेपोलियन त्याने तीन वेळा केला: 1974 च्या टेलिव्हिजन मालिकेत, 1981 च्या 'टाइम बँडिट्स'मध्ये आणि 2001 च्या 'द एम्परर्स न्यू क्लोद्स'मध्ये. मधला निव्वळ विनोदी आहे, दारूच्या नशेत इतिहासातल्या ठेंगण्या माणसांची उंची पाठ म्हणून दाखवणारा. शेवटचा मात्र हळवा, गुपचूप पॅरिसला परतलेला आणि तिथे कलिंगडं-खरबुजं विकण्याच्या धंद्याला हातभार लावणारा. तीच उंची, तेच नाव, माणसं वेगळी. उंचीमुळे भूमिका हातच्या जातात हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. निर्मात्यांच्या डोक्यातला नायक बदलणं तुमच्या हातात नाही. पण मिळालेल्या भूमिकेत उंचीबद्दल मनात चोरटेपणा ठेवलात तर तो पहिल्या रांगेत दिसतो.

सगळ्यात मोठं उदाहरण 1997 चं. लंडनच्या नॅशनल थिएटरच्या कॉटेस्लो या छोट्या नाट्यगृहात, रिचर्ड आयरच्या दिग्दर्शनाखाली त्याने लियर केला. 1959 चा विदूषक 65 व्या वर्षी राजा झाला. आपल्याकडे लियर म्हटलं की मनात 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर येतात, डॉ. लागूंचा तो घुमणारा आवाज, तो भरदार रुबाब. होमचा लियर दुसऱ्या जातीचा. घरात सगळ्यांना धाकात ठेवणारा, छोट्या चणीचा, चिडका बाप. तीनेकशे प्रेक्षकांच्या इतक्या जवळ की मोठ्याने ओरडायची गरजच नाही. वादळात तो अंगावरचे सगळे कपडे उतरवतो आणि समोर एक म्हातारं, हाडकुळं, लहानसं शरीर राहतं. भव्य देहाच्या नटाला ते दुबळेपण अभिनयाने आणावं लागलं असतं. या लियरला ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं, आणि 1998 मध्ये त्याला सरदारकी, म्हणजे 'सर' ही पदवी मिळाली. बीबीसीने त्याचं टेलिव्हिजन रूपही केलं आहे.

आता धास्तीचा प्रश्न. हो, ते खरं आहे. 1976 मध्ये लंडनच्या ऑल्डविच थिएटरमध्ये यूजीन ओनीलच्या 'द आइसमॅन कमेथ'चे पूर्वप्रयोग चालू होते. होम हिकीच्या भूमिकेत. या भूमिकेत शेवटाकडे एक प्रचंड लांब स्वगतवजा भाषण आहे. तिथे त्याला रंगमंचाच्या भीतीने गाठलं आणि तो नाटकातून बाहेर पडला. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता, रिचर्ड आणि हेन्री करून झालेला, टोनी मिळालेला. यानंतर बरीच वर्षं तो रंगमंचावर क्वचितच दिसला. आणि तुम्ही ज्या कामांमुळे त्याच्या प्रेमात पडलात, त्यातली बहुतेक या काळातली आणि नंतरची आहेत.

यातून 'संकटातून संधी' वगैरे मी काढणार नाही. ज्याला हे झालंय त्याला त्याचा उपयोग नसतो. मला कामाची वाटते ती त्याची परतण्याची रीत. 1993 मध्ये तो पिंटरच्या 'मूनलाइट'मधून परत आला. लेखक त्याच्या ओळखीचा, ती भाषा त्याच्या अंगात मुरलेली. नाट्यगृह अल्मेडा, लंडनमधलं छोटंसं. आणि भूमिका मरणपंथाला लागलेल्या अँडीची, जो जवळजवळ नाटकभर अंथरुणात आहे. आता तुमच्या दृष्टीने याचा विचार करा. पायाखाली मोठा मोकळा रंगमंच नाही, टेकायला उशी आहे, प्रेक्षक हाताच्या अंतरावर, शब्द ओळखीचे. आणि त्यानंतर चार वर्षांनी, पुन्हा एका छोट्या नाट्यगृहात, लियर.

मी ज्यांना असं झालंय त्या नटांना याच क्रमाने परत आणतो. आधी त्यांच्या ओळखीच्या लेखकाचं, आवडतं काहीतरी, तालमीच्या खोलीत, मोजक्या माणसांसमोर वाचायला बसवतो. हातात संहिता असू द्यायची. मग संहिता खाली ठेवून तोच प्रवेश, पण बसून, हाताला काम देऊन: सुपारी कातरणं, कपड्यांच्या घड्या घालणं, काहीही. मग उभं राहून. पाठांतर मी शेवटी तपासतो, कारण ब्लँक होणारे बहुतेक नट पाठांतरात कच्चे नसतातच. त्यांचं लक्ष समोरच्या पात्रावरून उडून स्वतःवर येतं, आणि मग पुढचं वाक्य हुडकण्याची धडपड सुरू होते. समोरचा काय बोलतोय ते खरोखर ऐकलं तर वाक्य बहुधा आपसूक येतं. हा माझा अनुभव आहे, प्रत्येकाला लागू होईलच असं नाही. आणि धडधड रंगमंचाबाहेरही होत असेल, झोप उडत असेल, तर तालमीवर सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

राहिला दुय्यम भूमिकेचा प्रश्न. तुमच्या पुढच्या नाटकात समजा तुम्ही कारकून आहात आणि साहेबांच्या सहीसाठी कागद घेऊन येता. संवाद दोन: 'साहेब, सही' आणि 'बरं'. तालमीत मी त्या नटाला विचारतो, या खोलीत येण्याआधी तू कुठे होतास? कागद किती वेळ हातात धरून दाराबाहेर उभा होतास? सही नाही मिळाली तर तुझं काय बिघडेल? लोक इथे मोठमोठ्या कथा रचतात, आजारी आई, थकलेलं कर्ज. तेवढं नको. 'सव्वासहाची लोकल चुकेल' एवढं पुरे. मग साहेब भाषण ठोकत असताना त्याची नजर आपोआप घड्याळाकडे जाते, तो ती परत ओढतो, आणि प्रेक्षकाला एक माणूस दिसतो. नायकाकडून लक्ष चोरलं जात नाही, उलट साहेबाचं भाषण आणखी लांबलेलं वाटतं, म्हणजे नायकाचंच काम सोपं होतं. बिल्बो पुन्हा पाहा. रिव्हेनडेल या ठिकाणी त्याला फ्रोडोच्या गळ्यातली, एकेकाळी त्याच्याकडे असलेली जादूची अंगठी दिसते आणि क्षणभर त्याचा चेहरा राक्षसी होतो. तिथे तांत्रिक करामत आहे, त्यात नटाचं श्रेय मर्यादित. त्याच्या पुढचं बघा: तो स्वतःलाच घाबरतो, ओशाळतो आणि पोराची माफी मागतो. तिथे एका म्हाताऱ्याला कळतं की ती हाव अजून गेलेली नाही. एवढ्या मोठ्या सिनेमात त्याला मिनिटं थोडीच मिळाली आहेत, पण अंगठी माणसाचं काय करते हे आपल्याला खरं पटतं ते त्या ओशाळण्यामुळे.

कुठून सुरुवात करायची तेही विचारलंयत. 'एलियन' दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त अ‍ॅशकडे, तो बोलत नसताना. मग 1973 चा 'द होमकमिंग'. पीटर हॉलनेच केलेला सिनेमा आहे, आणि त्यात लेनी आणि रूथ यांच्यातला पाण्याच्या पेल्याचा प्रवेश आहे. एक साधा पेला कोणी उचलायचा यावरून दोघांमधली सत्ता कशी पालटते बघा. आवाज कोणीही चढवत नाही.

आणि शेवटी 1997 चा, अ‍ॅटम इगोयानचा 'द स्वीट हिअरआफ्टर'. इथे होम प्रमुख भूमिकेत आहे. शाळेच्या बसला अपघात झालेल्या कॅनडातल्या एका गावात नुकसानभरपाईचा दावा उभा करायला आलेला वकील, ज्याची स्वतःची मुलगी व्यसनात हरवली आहे. विमानात शेजारी बसलेल्या, मुलीच्या बालपणीच्या मैत्रिणीला तो एक जुनी गोष्ट सांगतो. मुलगी तान्ही असताना तिला विषारी कोळी चावतो, अंगावर सूज चढत जाते, आणि दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात तिचा श्वास अडकला तर गळ्याला छेद द्यायची तयारी म्हणून हा बाप तिला मांडीवर घेऊन हातात चाकू धरून बसतो, आणि ती शांत राहावी म्हणून तिला गाणं म्हणतो. हे सगळं तो विमानातल्या गप्पांच्या आवाजात सांगतो, रडत नाही. माझी विनंती अशी की हा प्रवेश पाहिल्यावर लगेच त्याची नक्कल करायला बसू नका. आधी त्याचे संवाद स्वतः मराठीत उतरवा, ते तुमच्या घरातल्या कोणाला तरी, जेवताना सांगितल्यासारखे सांगा आणि ते रेकॉर्ड करा. तुमचा आवाज नेमका कुठल्या वाक्याला रडवेला होतो ते ऐका, आणि मग त्याच वाक्याला होम काय करतो ते पुन्हा पाहा. ते रेकॉर्डिंग इथे टाकलंत तर मी ऐकून कळवीन.